काट्यावरची पावती आणि सर्व्हरची किल्ली



गाळप सुरू झाले की आपल्या पत्रिकेत उताऱ्यावर लिहिले जाते, दरावर लिहिले जाते, आणि तोडणीच्या कार्यक्रमावर तर बोलायचीच सोय नाही. पण ज्या कागदावर आपला सारा हिशेब उभा राहतो त्या वजनाच्या पावतीबद्दल, आणि ती छापणाऱ्या यंत्राबद्दल, कोणी चार ओळी लिहिल्याचे मला आठवत नाही. विषय संगणकाचा आहे म्हणून काही जण पान उलटतील. त्यांनी जरा थांबावे. बैलजोडी कोणाच्या हातात द्यायची हे आपण ठरवतो, मग पावती कोणाच्या हातात आहे हे कोण ठरवणार?

माझे म्हणणे थोडक्यात असे. प्रिंटरची सगळी मांडणी, म्हणजे कागदाचे माप, ठरावीक निवडी आणि ड्रायव्हर, एकाच ठिकाणी म्हणजे सर्व्हरवर व्हावी. टेबलागणिक वेगळी नको. आणि त्या सर्व्हरची किल्ली, म्हणजे पासवर्ड, बाहेरून येणाऱ्या दुरुस्तीवाल्याच्या खिशात नव्हे, कारखान्याच्या दप्तरात असावी.

आता पावतीला एवढे महत्त्व का, ते सांगतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि उशीर झाला तर सालाना १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. हे १४ दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे? पावतीवर छापलेल्या तारखेपासून. भरतीचे वजन किती, रिकाम्या गाडीचे किती, निव्वळ किती, बांधणीची वजावट किती, हे सारे त्याच चिठोऱ्यावर असते. ती पावती चुकली, फाटली, किंवा नाव वाचता आले नाही, तर कास्तकाराजवळ दुसरे काय उरते? तोंडी शब्द. तो हंगामात कोणी ऐकत नाही.

आमच्या मुकुटबनकडे ऊस मोजकाच, कापूस आणि तूर जास्त. पण वजनकाटा आम्हांला परका नाही. कापसाच्या बंड्या आहेत, डोलोमाईटचे ट्रक आहेत, आणि २०२२ पासून सिमेंटच्या कारखान्याच्या गाड्या आहेत. काट्याच्या खिडकीपुढे उभे राहून पावतीची वाट पाहणे हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. गेल्या काही वर्षांत या खिडक्यांवर एकच वाक्य वारंवार ऐकू येते: “थांबा बावा, प्रिंटर ऑफलाईन दाखवते.” काटा ठीक असतो, वजन पडद्यावर दिसत असते, कागद भरलेला असतो. अडते ते मधल्या मांडणीत.

ही मांडणी काय असते ते सोप्या भाषेत मांडतो. पूर्वी एका संगणकाला एक प्रिंटर तारेने जोडलेला असे. आता काटा, शेतकी खाते, हिशेब आणि भांडार या सगळ्यांचे संगणक एका जाळ्यात असतात, आणि प्रिंटर सामाईक असतात. मध्ये सर्व्हर बसतो. प्रत्येक टेबलावरून आलेले काम तो रांगेत लावतो आणि एकामागून एक प्रिंटरकडे सोडतो. गव्हाणीपुढे गाड्यांचा नंबर लावतात तसेच. ड्रायव्हर म्हणजे संगणकाचे बोलणे प्रिंटरला समजेल अशा बोलीत नेणारा दुभाषा. टायरगाडीच्या ड्रायव्हरशी याचा संबंध नाही, पण दोघेही चुकीचे निघाले की माल भलतीकडे जातो.

आता पहिली गोम कागदाच्या मापाची. काट्यावर अजूनही ठोक्याचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच लागतो, कारण कार्बनच्या दोन-तीन प्रती एकदम काढणे लेझर प्रिंटरला जमत नाही. या प्रिंटरला सलग घडीचा कागद लागतो, आणि पावतीसाठी बहुधा १० इंच रुंद व ६ इंच उंच असा अर्धा कागद वापरतात. हे माप विंडोजच्या तयार यादीत नाही. सर्व्हरवर प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज उघडून तिथल्या फॉर्म्स या भागात ते नाव देऊन नोंदवावे लागते. एकदा नोंदवले की सामाईक प्रिंटर वापरणाऱ्या सगळ्या टेबलांना ते दिसते.

हे केले नाही तर काय होते? संगणक ए-फोर माप धरतो, म्हणजे ११.७ इंच. एका पावतीला दोन कागद जातात. शिवाय दोन कागदांचे होतात १२ इंच, म्हणून दर पावतीला ०.३ इंच कमी सरकते. पाच पावत्या झाल्या की सहावीचा मथळा दीड इंच वर, आधीच्या कोऱ्या कागदाच्या तळाशी छापला जातो. छिद्रांवर फाडले की सभासदाचे नाव एका तुकड्यावर आणि वजन दुसऱ्या तुकड्यावर! मग काटेवाला हाताने कागद सरकवतो, दर पाच गाड्यांनी पुन्हा सरकवतो, आणि लोक म्हणतात प्रिंटर जुना झाला, नवा घ्या. नवा घेतात. तोही तसेच करतो.

दुसरी गोम याहून बारीक आहे आणि मी तरी ती फार ठिकाणी पाहिली. विंडोजमध्ये प्रिंटरच्या निवडी दोन जागी ठेवता येतात. एक प्रिंटिंग प्रेफरन्सेस. ही फक्त त्या वेळी बसलेल्या माणसाची स्वतःची निवड. दुसरी ॲडव्हान्स्ड भागातली प्रिंटिंग डिफॉल्ट्स. ही सगळ्यांसाठी. दुरुस्तीला आलेला पोरगा घाईत पहिल्या जागी बदल करतो, समोर एक पावती बरोबर काढून दाखवतो, सही घेतो आणि जातो. रात्रपाळीचा कारकून आपल्या नावाने संगणक उघडतो तेव्हा जुनेच माप पुढे येते. सकाळी सारे ठीक, रात्री बिघाड. मग रात्रीच्या माणसावर ठपका. वास्तविक त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. बदल सर्व्हरवरच्या प्रिंटिंग डिफॉल्ट्समध्येच करायचा. आणि ज्याने आधी स्वतःची वेगळी निवड करून ठेवली असेल त्याच्यापर्यंत नवी निवड आपोआप पोचत नाही, म्हणून त्याची जोडणी काढून पुन्हा जोडायची. दहा मिनिटांचे काम आहे.

तिसरी गोष्ट मराठीची. इथे मी थोडा जास्त थांबणार आहे.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला त्याच्या पोटात भरलेली इंग्रजी अक्षरे झरझर छापता येतात. देवनागरी बहुतेकांच्या पोटात नसते. ती संगणकाने चित्रासारखी ठिपक्या-ठिपक्यांनी पाठवावी लागते, म्हणून वेळ जास्त लागतो. हा प्रश्न जुना आहे. आयआयटी कानपूरला सुरू झालेले जिस्टचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले, ते भारतीय लिप्या संगणकात आणि छपाईत आणण्यासाठीच. १९९१ साली भारतीय लिप्यांचे इस्की हे प्रमाण ठरले, आणि त्याच साली निघालेल्या युनिकोडमध्येही देवनागरी होती. म्हणजे तीस-पस्तीस वर्षांपासून मराठी छापायची सोय आहे. तरी काट्यावर गर्दी झाली की कोणीतरी वेग वाढवायला जनेरिक टेक्स्ट ओन्ली नावाचा ड्रायव्हर निवडतो. पावती भराभर निघते खरी, पण या ड्रायव्हरला मराठी येत नाही. नावाच्या जागी प्रश्नचिन्हे येतात.

एका कापूस खरेदीच्या ठिकाणी माझ्या हाती अशीच पावती पडली होती. वजन बरोबर, तारीख बरोबर, आणि नावाच्या जागी अकरा प्रश्नचिन्हे. विचारले तर म्हणाले, “नंबर आहे ना, नावाचे काय एवढे?” आमच्या झरी जामणी तालुक्यात पुष्कळ घरांत गोंडी, कोलामी, तेलुगू बोलतात. आडनावे इंग्रजीत प्रत्येक कारकून आपापल्या परीने लिहितो. बँकेत एक, सातबारावर दुसरे, पावतीवर तिसरे. नंबर चुकला तर माणूस ओळखायला नावच उरते. वेगासाठी नाव घालवणे मला तरी पटत नाही. तोडगा अवघड नाही. पावतीचे ठरावीक मथळे छापखान्यातून आधीच छापून घ्यावेत, आणि यंत्राने फक्त नाव, गाव आणि आकडे छापावेत. मजकूर कमी झाला की मराठीतही पावती वेळेत निघते. ड्रायव्हर मात्र त्या प्रिंटरचा स्वतःचाच हवा.

आता किल्लीचा मुद्दा. २०२१ च्या जून-जुलैत विंडोजच्या छपाईच्या भागात एक मोठे भगदाड सापडले. जगभर त्याला प्रिंटनाईटमेअर म्हणतात. प्रिंटरचा ड्रायव्हर बसवण्याच्या वाटेने आत शिरून परक्या माणसाला साऱ्या संगणकाचा ताबा घेता येत होता. जुलैत मायक्रोसॉफ्टने तातडीच्या दुरुस्त्या दिल्या, आणि १० ऑगस्ट २०२१ पासून ठरवले की सर्व्हरवरून येणारा ड्रायव्हर बसवायला प्रशासकाचे अधिकार लागतील. तेव्हापासून साध्या कारकुनाच्या पडद्यावर पासवर्डची मागणी येऊ लागली आणि ठिकठिकाणी छपाई अडली. यावर दोन सोपे आणि वाईट उपाय निघाले. एक, सगळ्यांनाच प्रशासकाचे अधिकार देऊन टाकणे. दुसरा, आतली एक नोंद बदलून ही अटच काढून टाकणे. दोन्ही म्हणजे कुलूप उघडायला त्रास होतो म्हणून दारच काढून ठेवण्यासारखे आहे. ज्या जाळ्यात आपल्या उसाची वजने, कर्जाच्या वजावटी आणि बिलांच्या याद्या आहेत, तिथे हे चालवून घेऊ नये. जाणत्या माणसाने प्रत्येक संगणकावर ड्रायव्हर एकदा स्वतः बसवून द्यावा, आणि फक्त आपल्याच सर्व्हरवरून ड्रायव्हर घेता येईल असा नियम लावावा. छपाईचा सर्व्हर आणि हिशेबाचा सर्व्हर एकच नसावा, हेही ओघाने आलेच. छपाईला जुनासा पण चालू संगणक पुरतो; मात्र त्यावर विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक संकट हळूहळू येते आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की प्रिंटर कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणे टप्प्याटप्प्याने बंद होईल, आणि सर्वांसाठी एकच सामाईक ड्रायव्हर पुढे आणला जाईल. नव्या लेझर प्रिंटरला हे सोयीचे आहे. काट्यावरच्या जुन्या ठोक्याच्या प्रिंटरला ती नवी बोली येत नाही. त्याचा ड्रायव्हर कंपनीकडून आलेल्या फाइलीतूनच बसवावा लागणार. ती फाइल आज कोणाजवळ आहे? संगणक बिघडला आणि दुरुस्तीवाला दुसऱ्या गावी गेला, तर भर जानेवारीत गव्हाण चालू असताना ती शोधत बसायची काय? प्रत्येक प्रिंटरच्या ड्रायव्हरची प्रत दोन पेनड्राइव्हवर, एक कार्यालयात आणि एक तिजोरीत, एवढे तरी व्हावे. सर्व्हरवरच्या साऱ्या रांगा, पोर्ट आणि ड्रायव्हर एका फाइलीत काढून ठेवायची सोय विंडोजमध्येच आहे. हंगामाआधी ती एकदा वापरली तर बिघाडानंतर सारे दुसऱ्या संगणकावर परत उभे करता येते.

काही जण म्हणतील, सगळे एका सर्व्हरवर टाकले आणि तोच बंद पडला तर? प्रश्न रास्त आहे. म्हणून काट्यावर एक जादा प्रिंटर थेट तारेने जोडलेला, त्याच मापाचा, तयार ठेवावा, आणि प्रत्येक प्रिंटरला जाळ्यातला पत्ता कायमचा ठरवून द्यावा. पत्ता आपोआप बदलतो तेव्हा पुष्कळदा “ऑफलाईन” दिसते. दुसरे म्हणतील, आता मोबाइलवर संदेश येतो, कागद कशाला? संदेश यावाच. पण मोबाइल पोराजवळ असतो, पोरगा यवतमाळला असतो, आणि गाडी घेऊन आलेला बाप खिडकीपुढे असतो. तिसरी सूचना उष्णतेने छापणाऱ्या छोट्या गुंडाळीच्या पावत्यांची येते. स्वस्त आहे, पण तो कागद उन्हाने आणि घामाने फिका पडतो. शेवटचा हप्ता मिळेपर्यंत खिशात कोरे चिठोरे राहील.

खर्चाचे म्हणाल तर यातल्या बहुतेक गोष्टींना नवा पैसा लागत नाही. एक माणूस आणि दोन दिवस लागतात. २०२२ साली केंद्र सरकारने देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटी रुपयांची मंजुरी दिली, त्यामुळे गावोगावच्या सोसायट्यांतही आता संगणक आणि प्रिंटर आले आहेत. आपल्या उसाच्या बिलातून सोसायटीची वजावट होते. तिथेही हाच प्रश्न उभा राहणार, तेव्हा कारखान्याच्या माणसाने सोसायटीच्या सचिवांना दोन गोष्टी दाखवल्या तर बिघडणार नाही.

येत्या वार्षिक सभेपुढे मी लेखी सूचना ठेवणार आहे. कारखान्याने छपाईची एक वही ठेवावी. तीत प्रत्येक प्रिंटरचे नाव, जाळ्यातला पत्ता, ड्रायव्हर कोणता आणि कोणत्या तारखेला बसवला, कागदाचे माप काय, आणि बदल कोणी केला याची सहीनिशी नोंद असावी. प्रशासकाचा पासवर्ड बंद लिफाफ्यात कार्यकारी संचालकांच्या तिजोरीत असावा, आणि दुरुस्तीवाला बदलला की तोही बदलावा. बॉयलर पेटण्याच्या आधी काट्यावर दिवसपाळी आणि रात्रपाळी अशा दोन्ही नावांनी वीस-वीस पावत्या छापून पाहाव्यात. विसावी पावती पहिलीच्याच जागी छापली गेली आणि तिच्यावर नाव मराठीत वाचता आले, तरच काटा सुरू करावा. ज्या सभासदांना हे पटते त्यांनी सूचनेवर सही करण्यासाठी आपला सभासद क्रमांक शेतकी खात्याच्या गट कार्यालयात कळवावा.

— एक ऊस उत्पादक सभासद, मुकुटबन