वेदना म्हणजे भोग नव्हे!

"आता काही करण्यासारखं नाही, घरी घेऊन जा."

माझ्या मावशीला तोंडाचा कॅन्सर होता. एवढं वाक्य आणि पॅरासिटामॉलची पाकिटं घेऊन आम्ही दवाखान्यातून वस्तीत परतलो. पुढचे दोन महिने ती रात्ररात्र कण्हत होती. शेजारणी म्हणायच्या, "भोग आहेत बाई, भोगूनच सुटायचे." भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच खोलीत हे वाक्य!

मित्रांनो, मावशीच्या वेदनेचं कारण मागच्या जन्मात नव्हतं, या व्यवस्थेत होतं. कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिनची गोळी हा स्वस्त उपाय आहे. कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे. पण १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचं असं जंजाळ उभं केलं की अनेक दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायदा सुधारला, गोळी मात्र आमच्या वस्तीपर्यंत आली नाही. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना आणि भीती कमी करणारी सेवा. जगात तिची गरज असलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के लोकांना ती मिळते, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. उरलेले कोण, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

यावर केरळचं उदाहरण दिलं जातं, आणि ते खरंच मोठं आहे. १९९३ मध्ये कोझिकोडला सुरू झालेल्या कामातून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी चालवलेलं घरपोच सेवेचं जाळं उभं राहिलं. २००८ मध्ये तिथल्या सरकारने त्याचं धोरण केलं. 'लॅन्सेट'च्या मृत्यूविषयक आयोगानेही २०२२ मध्ये त्याची दखल घेतली.

पण हे मॉडेल महाराष्ट्रात आणू पाहणाऱ्या संशोधकांना माझा सवाल आहे: तुम्ही 'समाज' म्हणता तो कोणता? इथे गाव वेगळं आणि वस्ती वेगळी. सडलेली जखम धुणं, मलमूत्र काढणं ही कामं इथे जातीने वाटली गेली. गावातला स्वयंसेवक आमच्या घरी येऊन जखम धुईल का? आमची आशाताई वाड्यात गेली तर तिला घोटभर पाणी मिळेल का? तुम्ही वेदना शून्य ते दहा मोजता. मग आईजवळ बसलेल्या लेकीची बुडालेली मजुरी का मोजत नाही? फुकट राबणाऱ्या बाईच्या जिवावर उभ्या राहिलेल्या सेवेला 'लोकसहभाग' म्हणू नका.

आता थोडं आपल्याबद्दल. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासोबत स्वतःच्या हातांनी धुतलं. आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा, असं संघाला बजावलं. हा आपला वारसा आहे. मग आपल्या विहारात अंथरुणाला खिळलेल्यांची साधी यादी तरी आहे का?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत मॉर्फिन आणि ते द्यायला शिकलेला डॉक्टर. काळजी घेणाऱ्याला बुडालेल्या रोजाची भरपाई. प्रत्येक अभ्यासात जात आणि वस्ती यांची नोंद. आणि नर्सिंग, एमएसडब्ल्यू, समाजशास्त्र शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींनो, हा विषय प्रबंधाला घ्या. आजवर आपण इतरांच्या संशोधनातले नमुने होतो. आता प्रश्न आपण विचारू.

सन्मानाने जगण्यासाठी आपण लढलोच. सन्मानाने, वेदनेशिवाय मरण्याचा हक्कही त्याच लढ्याचा भाग आहे.

जयभीम!