आधी नवरा दाखवा!

‘लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीला ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदतवाढ देऊन सरकारने स्वतःची पाठ थोपटून घेतली. १८ नोव्हेंबरची मुदत पाळता येणार नाही हे सरकारला उमगले, एवढेच काय ते या निर्णयातले कौतुक. मूळ अट जशीच्या तशी राहिली. बाईने आपला आधार क्रमांक टाकायचा, ओटीपी द्यायचा. मग नवऱ्याचा किंवा बापाचा आधार क्रमांक टाकायचा आणि त्याच्या मोबाइलवर आलेला ओटीपीही द्यायचा. नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला आणि फारकत झाली असेल तर घटस्फोटाचा कागद किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेच्या हातात ठेवायचा. हे ज्या कोणी लिहिले त्याने पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या एखाद्या आदिवासी पाड्यावर एक दिवसही काढलेला नसावा. तिथे नवरा असतो, संसार असतो, पोरेबाळे असतात. कागद तेवढा नसतो. आणि तो नसल्याचा दोष त्या बाईचा नाही. तो सरकारचा आहे.

महाराष्ट्रात विवाहनोंदणी सक्तीची आहे. १९५३ चा मुंबई कायदा होता, त्याच्या जागी १९९८ चा विवाह मंडळे व विवाह नोंदणी अधिनियम आला. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ रोजी देशातल्या सर्वच विवाहांची नोंदणी बंधनकारक करायला सांगितले, तेव्हा ज्या मोजक्या राज्यांकडे आधीपासून असा कायदा होता त्यांत महाराष्ट्राचे नाव होते. याचा आपल्याला केवढा अभिमान! ग्रामपंचायतीत ग्रामसेवक हाच निबंधक. म्हणजे कागदोपत्री सरकार पाड्याच्या उंबरठ्यावर उभे आहे. २०२४ मध्ये ग्रामसेवकाचे नामकरण ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे झाले. पाटी बदलली, पण त्याच्या गळ्यातला शेजारच्या पंचायतींचा अतिरिक्त कार्यभार काही सुटला नाही. सोमवारी इथे, मंगळवारी तिथे, बुधवारी पंचायत समितीत बैठक. दहाबारा पाड्यांच्या गटग्रामपंचायतीत डोंगर उतरून आलेल्या जोडप्याला कार्यालयाचे कुलूप दिसते आणि शिपाई सांगतो, ‘साहेब मीटिंगला गेलेत.’ बरोबर आणलेल्या तीन साक्षीदारांची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते, ती कोणी भरून देत नाही.

साहेब भेटलेच तर पुढे नमुना ‘ड’ आहे. त्यात वधू-वर, तीन साक्षीदार आणि विवाह लावणाऱ्या पुरोहिताचे नाव, पत्ता, सही. पण वारली आदिवासींचे लग्न भटजी लावत नाही. ते लावते धवलेरी. ती वयस्क बाई रात्रभर गाणी म्हणत विधी पार पाडते. सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसते आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. हाच चौक आज मुंबईतल्या हॉटेलांच्या भिंतींवर आणि सरकारी जाहिरातींत मिरवतो. वारली चित्रकलेचे कौतुक करताना सरकार थकत नाही. पण ज्या लग्नासाठी तो चौक लिहिला जातो त्या लग्नाची नोंद करायची वेळ आली की धवलेरीचा अंगठा कोणत्या रकान्यात घ्यायचा हे सरकारला सुचत नाही. पुरोहिताची सही नाही, लग्नपत्रिका नाही, मंडपातला फोटो नाही, म्हणून मग प्रतिज्ञापत्र करा. ते करायला तालुक्याला जा. पाड्यावर निमंत्रण तोंडी असते. पत्रिका छापायची कोणासाठी?

कायद्याने नोंदणीसाठी ९० दिवस दिले आहेत, त्यानंतर उशिराचा दंड. हे ९० दिवस पाड्याच्या पंचांगात कुठे पडतात ते बघा. लग्ने लागतात उन्हाळ्यात, शिमग्यानंतर. कारण त्याआधी माणसे घरी नसतातच. भात झोडून झाले, दिवाळी सरली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मे महिन्यात लग्न लागले की तीन आठवड्यांत पाऊस, मग पेरणी, आवणी-लावणी. ओढे भरलेले, वाटा तुटलेल्या. पाऊस उघडेपर्यंत ९० दिवस केव्हाच उलटून गेलेले असतात. आणि ई-केवायसीची मुदतवाढ कोणत्या दिवसांत दिली? नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, नेमके पाडे ओस पडतात तेव्हा! नवऱ्याच्या आधारला जोडलेले सिमकार्ड तीन वर्षांपूर्वी हरवलेले, नवा नंबर जोडायचा तर आधार केंद्र जव्हारला, आणि जोडपे भट्टीवर विटा पाडत असलेले. ओटीपी यायचा कुठे?

शिवाय, लग्न म्हणजे एक तारीख हे गृहीतकच इथे चालत नाही. पैसे जुळेपर्यंत लग्न लांबते. मुलगा-मुलगी समाजाच्या संमतीने एकत्र राहू लागतात, मुले होतात आणि विधी पुढे कधीतरी उरकला जातो, काही वेळा पोटच्या मुलाच्या लग्नाआधी. पाड्याच्या लेखी ते पहिल्या दिवसापासून नवराबायको असतात. नमुना ‘ड’ च्या लेखी मात्र ते कोणीच नसतात. जन्मतारखेचे तेच. शाळेतल्या गुरुजींनी नाव घालताना १ जून लिहून टाकली ती जन्माला पुरली. पोराचा खरा जन्म आवणीतला की कापणीतला, हे आईला ठाऊक असते, दाखल्याला नसते.

ज्यांना पाड्याचा इतिहास ठाऊक आहे त्यांना यात नवे काही दिसणार नाही. शेजारच्याच डहाणू-तलासरी पट्ट्यात ‘लग्नगडी’ होते. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्या बदल्यात नवरा-बायकोने आयुष्यभर त्याच्या वाडीवर राबायचे. १९४५ मध्ये झरीच्या परिषदेत वारल्यांनी वेठ झुगारायचे ठरवले, किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यामागे उभे राहिले आणि ती प्रथा मोडली गेली. आदिवासीच्या लग्नाचा दोर तेव्हा सावकाराच्या हातात होता, आता ई-केवायसीच्या पोर्टलच्या हातात आहे. पोर्टलविरुद्ध परिषद कुठे भरवायची?

दाखला नसल्याने अडते काय, असे शहरातला वाचक विचारील. १९५५ चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. त्यांची लग्ने रूढीने होतात आणि रूढीने मोडतात. रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. संथाल नवऱ्याने दुसरे लग्न केले म्हणून दाद मागणाऱ्या बाईला सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये रिकाम्या हाती परत पाठवले, कारण दुसरे लग्न बेकायदा ठरवणारी रूढी तिला सिद्ध करता आली नव्हती. म्हणजे ज्या बाईच्या पाठीशी संहिताबद्ध कायदा नाही तिलाच नोंदीची गरज सर्वांत जास्त, आणि नोंद तिच्याचपासून सर्वांत लांब. २००६ च्या वनहक्क कायद्याने पट्टा पती-पत्नीच्या संयुक्त नावाने द्यायला सांगितले आहे. नवरा दुसरी घेऊन आला तर पहिलीचे नाव टिकणार कशाच्या जोरावर? शिधापत्रिकेत सुनेचे नाव चढवायचे, विधवेचे निवृत्तिवेतन मागायचे, तर प्रत्येक खिडकीवर तोच प्रश्न. लाडकी बहीण योजनेतच २०२४ साली अशी सवलत काढली होती की नवविवाहितेचे नाव शिधापत्रिकेत नसेल तर विवाहनोंदणीचे प्रमाणपत्र आणि नवऱ्याची शिधापत्रिका चालेल. सवलतसुद्धा कशाच्या अटीवर, तर जे नाही त्याच कागदाच्या!

घटस्फोटाच्या कागदाची गोष्ट तर संतापजनक आहे. पाड्यावर काडीमोड पंचांसमोर होतो. दोन्हीकडची माणसे बसतात, देणेघेणे मिटते, बाई मोकळी होते. समाजाला तो मान्य असतो आणि कायदाही रूढीला मान देतो. महिला व बालविकास खाते मात्र घटस्फोटाचा कागद नाहीतर न्यायालयाचा आदेश आणा म्हणाले. जे लग्न सरकारच्या दप्तरी कधी लागलेच नाही, ते मोडल्याचा आदेश न्यायालयाने कोणत्या कलमाखाली द्यायचा? आणि जिला नवऱ्याने नुसतेच टाकून दिले, काडीमोडही केला नाही, तिने काय करायचे? त्या नवऱ्याकडे जाऊन ओटीपी मागायचा? महिन्याच्या दीड हजार रुपयांसाठी बाईला पुन्हा त्याच दारात उभे करणारी ही योजना ‘सक्षमीकरण’ कोणाचे करते?

योजनेत घुसखोरी झाली हे खरे. चौदा हजारांवर पुरुषांनी बहीण बनून पैसे उचलल्याचे उघड झाले, सरकारी नोकरदार बायकाही सापडल्या. त्यांच्याकडून वसुली करा, गुन्हे दाखल करा. पण त्यांचे अर्ज मंजूर करणारी यंत्रणा सरकारचीच होती आणि ती घाई २०२४ च्या विधानसभा निवडणुकीची होती. तेव्हा नवऱ्याचा ओटीपी कोणी मागितला नव्हता. मते पडून गेल्यावर नवरा आठवला. केंद्राच्या मातृवंदना योजनेतही पतीच्या आधारची सक्ती होती. एकट्या आणि टाकलेल्या बायका वगळल्या जातात हे लक्षात आल्यावर केंद्राने ती काढून टाकली. जे दिल्लीला उमजले ते मुंबईला उमजू नये?

नोंदणीच्या अटी सैल करा म्हटले की बालविवाहाचा मुद्दा पुढे केला जाईल. तो खोटा नाही. पण त्यावरचा सरकारी उपायही बघण्यासारखा आहे. गावात विवाहनिबंधक ग्रामसेवक आणि बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही ग्रामसेवकच. सतराव्या वर्षी लग्न झालेली मुलगी पाच वर्षांनी नोंदीसाठी त्याच टेबलासमोर येणार कशी? ती येत नाही, किंवा तारीख खोटी लिहिते. बालविवाह थांबत नाही आणि नोंदही होत नाही.

आता तर १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या दुरुस्तीने त्या तारखेपासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा केला आहे, शाळाप्रवेशापासून विवाहनोंदणीपर्यंत. आईबापांच्या लग्नाची नोंद नाही, भट्टीवर जन्मलेल्या मुलाची नाही, उद्या त्याच्या लग्नाचीही नाही. कागद नसणे हे असे वारशाने चालत येणार.

आमचे म्हणणे साधे आहे. नोंद हे सरकारचे काम आहे, ते सरकारने पाड्यावर जाऊन करावे. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला पेसा कायद्याने १९९६ मध्येच रूढी-परंपरा जपण्यास सक्षम ठरवले आहे, राज्याचे नियमही २०१४ पासून आहेत आणि त्यांनुसार पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. या ग्रामसभेचा ठराव विवाहाचा आणि काडीमोडाचा पुरावा म्हणून स्वीकारायला अडचण काय? अख्खा पाडा साक्षीला असताना तीन साक्षीदार कशाला हवेत? सामुदायिक विवाहांच्या मंडपात आमदारांचे फलक लागतात, भांडीकुंडी वाटली जातात, फोटो निघतात. तिथे नोंदणीचे टेबल किती ठिकाणी असते? मतदारयादीसाठी कर्मचारी डोंगर चढतो. मग लग्नाच्या नोंदवहीलाच रस्ता कसा सापडत नाही?

तेव्हा अनुसूचित क्षेत्रापुरती पती-पित्याच्या ओटीपीची अट महिला व बालविकास खात्याने तत्काळ स्थगित करावी. सरकारने नमुना ‘ड’ मध्ये पुरोहिताच्या जागी विवाह लावणाऱ्या कोणत्याही व्यक्तीचा अंगठा चालेल असा स्पष्ट आदेश काढावा, या भागात ९० दिवसांनंतरचा दंड माफ करावा आणि शिमग्यानंतर माणसे भट्टीवरून परततील तेव्हा ग्रामपंचायत अधिकाऱ्याला नोंदवही घेऊन पाडोपाडी पाठवावे.