संगणकाची गती वाढवावी काय?

कारखान्याने नेमून दिलेल्या गतीहून अधिक वेगाने घरच्या संगणकाचा प्रोसेसर चालविणे, यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वडीलधाऱ्यांना हा निव्वळ खोडसाळपणा वाटतो, तर छंदिष्टांना मोठा पराक्रम. माझ्या मते दोन्ही मते एकांगी आहेत.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. प्रोसेसर ठोक्याच्या तालावर काम करतो. १९८१ साली आयबीएमने काढलेल्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये सेकंदास सुमारे ४७ लाख ७० हजार ठोके पडत. आज अब्जावधी पडतात. दोन ठोक्यांमधल्या अवकाशात ट्रान्झिस्टरांनी आपली उघडझाप पुरी करावयाची असते. उत्तर स्थिर होण्यापूर्वीच पुढचा ठोका पडला, तर चूक होते. ती टाळण्यासाठी विद्युतदाब वाढवितात, आणि येथेच खरी किंमत मोजावी लागते. उष्णता गतीच्या प्रमाणात वाढते, परंतु दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गती व दाब दोन्ही १० टक्क्यांनी वाढविल्यास १.१ गुणिले १.२१, म्हणजे १.३३ पट उष्णता निर्माण होते. दहा टक्के वेगासाठी तेहतीस टक्के ताप!

या छंदाला एके काळी मोठे फळ मिळे, हे मान्य केले पाहिजे. १९९८ सालचा इंटेलचा ‘सेलेरॉन ३००ए’ हा स्वस्त प्रोसेसर ६६ मेगाहर्ट्झच्या मूळ तालाच्या साडेचार पट, म्हणजे ३०० मेगाहर्ट्झ गतीने चाले. तो ताल १०० केला की गती ४५० होई, आणि पुष्कळांच्या हाती तो तशीही नीट चाले. आता दिवस पालटले आहेत. आधुनिक प्रोसेसर काम व तापमान पाहून आपली गती स्वतःच वाढवितात. आपल्यासाठी उरते ते थोडेच.

परंतु माझा मुख्य आक्षेप उष्णतेवर नाही. अतिवेगाने यंत्र बंद पडले, तर ते निदान आपल्याला कळते. ते न थांबता क्वचित एखादे उत्तर चुकीचे देऊ लागले, तर कळत नाही. ज्या संगणकावर वडिलांचा हिशेब, ताईचा प्रकल्प आणि घरातली सारी छायाचित्रे असतात, त्याच्यावर अशी शंका असणे परवडणारे नाही. खेळातली चित्रे किंचित भरभर सरकावी म्हणून साऱ्या घराचा विश्वास पणास लावणे हा पराक्रम नव्हे. प्रत्यक्ष निर्मात्यांनाही हा तोल सांभाळणे सोपे नसते. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत. त्यांना प्रमाणाबाहेर दाब मिळत असल्याचे २०२४ साली कंपनीनेच मान्य केले.

मग जिज्ञासेला कुलूप लावावे काय? मुळीच नाही. बेळगावच्या उद्यमबागेतील कुशल कारागीर लेथवर धातू पाहून वेग ठरवितो. पितळेला जो वेग चालतो तो पोलादाला दिला, तर हत्याराची धार जळते. त्याला ही मर्यादा पुस्तकाप्रमाणेच हातानेही कळलेली असते. विद्यार्थ्यानेही यंत्राची मर्यादा अशीच शोधावी. मात्र घरच्या कामाचा संगणक त्यासाठी वापरू नये. वापरातून गेलेला जुना संगणक घ्यावा, वडिलांची परवानगी घ्यावी, आणि कंपनीची हमी अशा प्रयोगास सहसा लागू होत नाही हे ध्यानी ठेवावे. एका वेळी एकच पायरी चढावी. प्रत्येक पायरीवर गती, दाब व तापमान वहीत लिहावे, आणि काही तास कसोटी घेतल्याविना पुढे जाऊ नये. आपल्या जांबोटीच्या बाजूस धो धो पावसात वीज जाण्याचे प्रसंग येतात. तेव्हा यंत्र आपल्या प्रयोगाने बंद पडले की विजेने, हा उलगडा होणार नाही. म्हणून हे काम हिवाळ्यात करावे, हे उत्तम.

२०११ साली एएमडीच्या एका प्रोसेसरने द्रवरूप हेलियमच्या थंडाव्यात ८४२९ मेगाहर्ट्झचा विक्रम गाठला. असे आकडे ऐकून छाती फुगते. परंतु तो प्रोसेसर कोणाच्या घरचा हिशेब करीत नव्हता. विद्यार्थिमित्रहो, सर्वांत मोठा आकडा मिरविण्यापेक्षा आपले यंत्र नेमके कोठे अडखळले आणि का अडखळले, हे ज्याच्या वहीत लिहिलेले असेल, त्यालाच मी खरा प्रयोगकर्ता म्हणेन.