पदवीनंतरचे अध्यापकत्व

पनवेल तालुक्यातील कोपरा, मुर्बी, ओवे, बेलपाडा आदी जुन्या गावांच्या परिसरात सिडकोने उभारलेल्या खारघरमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, निफ्टसारखी राष्ट्रीय संस्था आहे आणि टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग-संशोधन केंद्रही आहे. अशा नगरात एक पदवी पदरी असलेली, कचेरीत, प्रयोगशाळेत किंवा गृहव्यवस्थेत काही वर्षे व्यतीत केलेली माणसे माध्यमिक शिक्षकाच्या पेशाकडे वळू पाहतात, ही बाब स्वाभाविक आणि स्वागतार्ह आहे.

या माणसांसाठी कायद्याने मार्ग खुला ठेवला आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या विनियमांनुसार विज्ञान, सामाजिक शास्त्रे किंवा मानव्यविद्या यांतील पदवीला अथवा पदव्युत्तर परीक्षेला 50 टक्के गुण असणाऱ्यास, आणि विज्ञान व गणित यांतील विशेषज्ञतेसह अभियांत्रिकीची पदवी 55 टक्के गुणांनी मिळविणाऱ्यास, बी.एड.चा अर्ज करता येतो. राज्याची प्रवेशपरीक्षा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यानंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ प्रणालीवरील नोंदणी, सहावी ते आठवीचे वर्ग घ्यावयाचे असल्यास शिक्षक पात्रता परीक्षा, आणि अनुदानित शाळेत नेमणूक झालीच तर तीन वर्षांची शिक्षणसेवकाची मुदत, असा हा क्रम आहे. माध्यमिक शिक्षणसेवकाचे मानधन 2023 पासून दरमहा 18,000 रुपये आहे. प्रपंचाची जबाबदारी शिरावर असताना एवढी वाट चालण्यास सिद्ध होणारा मनुष्य केवळ दाखल्याच्या लोभाने आलेला असतो, असे आम्हास वाटत नाही.

मग त्यास शिक्षक करणारी गोष्ट कोणती? मुंबईत 1906 साली माध्यमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय निघाले, तेव्हापासून या प्रश्नाची चर्चा बहुधा प्रशिक्षणाच्या मुदतीच्या अंगानेच होत आली. पदवीधरांचे प्रशिक्षण कालांतराने दोन वर्षांचे व्हावे, असे मुदलियार आयोगाने 1953 मध्ये सुचविले. कोठारी आयोगाने 1966 मध्ये एक वर्षच कायम ठेवून कामाचे दिवस 230 पर्यंत वाढविण्याची शिफारस केली. 2015 पासून दोन वर्षे अमलात आली. आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांसाठी पुन्हा एका वर्षाची वाट दाखविली. मुदतीचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या मुदतीत छात्राध्यापक कोणाच्या सान्निध्यात, कोणत्या वर्गात आणि कोणत्या देखरेखीखाली उभा राहिला, याचे महत्त्व अधिक आहे, असे आमचे निश्चित मत आहे.

नववीच्या वर्गात विद्युतधारा शिकवावयास आलेल्या अभियंत्याचे उदाहरण घ्यावे. विद्युत परिपथाचे गणित त्यास मुखोद्गत असते. परंतु एकसर जोडणीतील पहिल्या दिव्यात काही धारा ‘खर्च’ होते आणि दुसऱ्याच्या वाट्यास उरलेलीच येते, अशी समजूत वर्गातील कित्येक मुले मनात बाळगून असतात, हे त्यास त्याच्या पदवीने कधी सांगितलेले नसते. वीस वर्षे हाच घटक शिकविणाऱ्या शिक्षिकेस मात्र ही समजूत ओळखीची असते. कोणता प्रश्न विचारला म्हणजे ती बाहेर पडते आणि कोणता प्रयोग दाखविला म्हणजे ती मोडते, हेही तिला ठाऊक असते. पाठ टाचणाचे रकाने अचूक भरल्याने किंवा सूक्ष्म अध्यापनाची कौशल्ये सुटीसुटी घोटल्याने हे ज्ञान येत नाही. ते जाणत्या शिक्षकाच्या वर्गात बसून, त्याच्यासमोर शिकवून आणि नंतर त्याच्याशी निर्भयपणे चर्चा करूनच संपादन करावे लागते.

विनियमांनी ही गरज ओळखली आहे. पहिल्या वर्षी 4 आणि दुसऱ्या वर्षी 16, अशा 20 आठवड्यांच्या शालेय आंतरवासितेची तरतूद त्यांत असून, प्रारंभीचा एक आठवडा नियमित शिक्षकाच्या वर्गाचे निरीक्षण करण्यासाठी राखलेला आहे. परंतु ज्या शाळेत छात्राध्यापक म्हणजे प्रॉक्सी तासांची सोय, पेपर तपासणारा हात आणि स्नेहसंमेलनाचा मदतनीस एवढाच अर्थ घेतला जातो, तेथे ते 20 आठवडे हजेरीपत्रकावर पूर्ण होतात आणि शिक्षणाच्या दृष्टीने रिक्तच राहतात. वयाने आणि अनुभवाने प्रौढ असलेल्या उमेदवाराची ही उपेक्षा अधिक हानिकारक ठरते. कारण पहिल्या व्यवसायातील आत्मविश्वास घेऊन तो आलेला असतो, आणि वेळीच मार्गदर्शन न लाभल्यास तोच आत्मविश्वास व्याख्यानबाजीत परिणत होतो.

म्हणून मुख्याध्यापकांस आमची कळकळीची विनंती आहे की, येत्या सत्रात शाळेत येणाऱ्या प्रत्येक छात्राध्यापकास त्याच्या विषयाचा एक मार्गदर्शक शिक्षक नेमून द्यावा, त्या शिक्षकास वेळापत्रकात आठवड्यातून निदान दोन तास मोकळे ठेवावेत, आणि निरीक्षणाचा आठवडा कोणत्याही सबबीवर कापू नये. अध्यापक महाविद्यालयांनी सराव पाठांची केवळ संख्या न मोजता मार्गदर्शक शिक्षकाच्या अभिप्रायास अंतर्गत मूल्यमापनात खरे वजन द्यावे. आणि विषयशिक्षकांनी, नवागताची पूर्वीची पदवी आपल्याहून मोठी दिसली तरी संकोच न करता, आपला वर्ग त्यास खुला करावा. त्याचा विषय त्याने आणला आहे. त्या विषयाकडे मुलांच्या बाजूने पाहण्याची दृष्टी देणे हे आपले काम आहे, आणि ते अन्य कोणीही आपल्यासाठी करू शकणार नाही.