भंगारात काढण्यापूर्वी

जपानच्या रोलँड कंपनीच्या १९८० च्या सुमाराच्या सिंथेसायझर गिटारींना २४ पिनांची केबल लागे. पुढे १३ पिनांची आली. २०२३ साली बॉसच्या जीएम-८०० बरोबर डिजिटल केबल आली. मग जुनी गिटार निकामी झाली का? मुळीच नाही! सहाही तारांचे स्वर वेगवेगळे टिपायचे, हे तत्त्व तेच राहिले. बदलली ती जोडणी. आणि ती जुळवणाऱ्या छोट्या पेट्याही निघाल्या.

प्रत्येक जुने वाद्य वाचेलच असे नाही, हे मान्य. पण केवळ प्लग बसत नाही म्हणून ते टाकू नये. विश्वस्तांना व पालकांना नम्र विनंती, शाळेतील वा घरातील जुनी वाद्ये भंगारात देण्यापूर्वी एकदा जाणकाराला दाखवावीत. दुरुस्ती मुलांसमोर व्हावी. तोही एक तासच ठरेल.