शितावरून गाण्याची परीक्षा

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की वळसंगच्या आमच्या घराला पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचे वेध लागतात. महोत्सव डिसेंबरात, पण कलाकारांची नावे जाहीर झाली रे झाली की माझा भाचा मोबाईल घेऊन ओसरीवर बसतो आणि परीक्षा सुरू होते. एकेका गवयाला दोन मिनिटे. आवडला तर नावापुढे खूण, नाही तर काट! "मामा, शितावरून भाताची परीक्षा," असे वर मलाच ऐकवतो.

ही म्हण काढणारा उत्तम स्वयंपाकी असेल. गवई खासच नव्हता. भात शिजून उतरलेला असतो, म्हणून एक शीत साऱ्या भांड्याची साक्ष देते. ख्याल तुमच्यासमोर बसून शिजायचा असतो. किराणा घराण्याच्या अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तन कधी कधी मिनिटभर चालते. म्हणजे भाच्याच्या न्यायालयात गवयाच्या वाट्याला आवर्तने आली दोन! बरे, ती दोन मिनिटेही पुष्कळदा मैफलीच्या शेवटाची, तानांच्या आणि टाळ्यांच्या गर्दीतून कापून काढलेली. सप्ताहाला फक्त काल्याच्या प्रसादाला जायचे आणि कीर्तनकाराविषयी मत द्यायचे, तशातला हा प्रकार.

भाच्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ आहे, असे नाही. सोलापूर ते पुणे जाऊन-येऊन पाचशे किलोमीटरांहून अधिक रेल्वेचा प्रवास, राहण्याची सोय, रजा. पदरचे पैसे मोडणाऱ्याने आधी चौकशी केली तर बिघडले काय? शिवाय तो थेट भीमसेनांचाच दाखला देतो. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकूनच ना त्या पोराने घर सोडले? ती तबकडी तरी किती मिनिटांची होती?

तीनेक मिनिटांची. कबूल. पण खाँसाहेब त्या तबकडीसाठी गायले होते. एवढ्याच वेळात गाणे पुरे करायचे आहे, हे ठाऊक असून गायले होते. ते ठाणातून फाडलेले ठिगळ नव्हते; लहानसा का होईना, अखंड रुमाल होता. आणि त्या तबकडीने केले काय? अकरा वर्षांचा भीमसेन १९३३ साली घराबाहेर पडला, विजापूर गाठले, पुढे ग्वाल्हेर, जालंधर अशी वणवण केली आणि अखेर कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या पायाशी येऊन बसला. (आमच्या शेजारच्या होटगीहून गदगला जाणारा लोहमार्ग याच विजापूरवरून जातो, त्यामुळे या गोष्टीवर आम्हा वळसंगकरांचा थोडा हक्क आहे, असे मी समजतो.) तबकडीने त्याला गाण्याकडे धाडले. आमचे चिरंजीव ऐकतात ते कोणाकडे जायचे नाही, हे ठरवायला! १९५३ साली भीमसेनांनी गुरूच्या स्मरणार्थ हा उत्सव मांडला तो काय नावे खोडण्यासाठी?

मागे एका वर्षी मुकुंदनगरच्या मांडवात काट मारलेली एक तरुण गायिका दुपारी गायला बसली. "चला मामा, आता खाऊन घेऊ," भाचा म्हणाला. आम्ही उठलो. आमच्यासारखे पुष्कळ उठले. त्या मुलीने तंबोरे जुळवता जुळवता रिकाम्या होणाऱ्या बैठकीकडे पाहिले, ते मी पाहिले. चहाच्या रांगेत उभे होतो आणि आतून मुलतानी ऐकू येऊ लागला. तीव्र मध्यमावरून कोमल गंधारावर ती अशी काही उतरली की माझ्या हातातला चहा निवून गेला. धावत परत येतो तो आमची जागा दुसऱ्यांनी घेतलेली. तासभर खांबाला टेकून उभ्याने ऐकले. भाचा पुटपुटत होता, "पण मी ऐकले त्यात हिचे हे नव्हते!"

कसे असणार? ते त्या दुपारपर्यंत कुठेच नव्हते.

नव्या गवयाला असा मांडव मिळायला वर्षानुवर्षे घासावे लागते, आणि आम्ही ओसरीवर चिवडा खात त्याची श्रोतेमंडळी आधीच उठवून लावतो. आधी ऐकायचेच तर जुन्या कोणा थोराचा मुलतानी तासभर, मुळापासून शेवटपर्यंत ऐका ना. कान तयार होईल तो साऱ्यांसाठी.

यंदाची यादी आली की मोबाईल माझ्या ताब्यात राहील. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी घरूनच बांधून नेणार आहे; भाच्याला बैठकीवरून उठायला निमित्त नको.