शब्दांची साक्ष आणि आपली मुले



आपल्या मुलाला शाळेत घालताना आपण जो अर्ज भरता, त्यात 'धर्म' या शब्दापुढे एक रिकामी जागा असते. तेथे 'बौद्ध' ही दोन अक्षरे लिहिण्याची किंमत आपल्या वडीलधाऱ्यांनी किती दिली, याची कल्पना आजच्या पिढीस असेलच असे नाही. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यत्वे हिंदू धर्म मानणाऱ्यांपुरता ठेवला होता. १९५६ साली नागपुरास दीक्षा घेतलेल्या माणसाने अर्जात खरे तेच लिहिले, तर केंद्र सरकारच्या लेखी तो अनुसूचित जातीचा राहत नसे. ही स्थिती पालटण्यास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे लाखो कुटुंबांचे हक्क एका शब्दाशी बांधून ठेवले गेले.

तेव्हा शब्द म्हणजे नुसता तोंडचा वारा नव्हे. शब्दाला कायदा चिकटलेला असतो, भाकरी चिकटलेली असते, आणि कित्येकदा माणसाचा जीवही चिकटलेला असतो. म्हणून शब्दांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारी माणसे आपल्या घरांतून निघाली पाहिजेत, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

आपल्या घरांत काय घडते ते आम्ही जाणतो. मुलगी म्हणते, मला भाषाशास्त्र शिकायचे आहे. लोक मोबाइलवर कसे बोलतात, चळवळीचे निरोप कसे पसरतात, याचा अभ्यास करायचा आहे. वडील म्हणतात, बँकेची परीक्षा दे. मामा म्हणतो, नर्सिंगला घाला. आई गप्प राहते. परंतु तिच्याही मनात हाच प्रश्न असतो की, हे शिकून पोट भरणार कसे? या मंडळींचे चुकते असे आम्ही म्हणणार नाही. ज्या घरात नियमित पगार पहिल्यानेच यावयाचा आहे, त्या घराला ही चिंता करण्याचा अधिकार आहे. परंतु या विद्येने काय साधते, तेही एकदा शांतपणे ऐकून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात सॅनफर्ड गावी २६ फेब्रुवारी २०१२ रोजी ट्रेवॉन मार्टिन या १७ वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलास वस्तीवर पहारा करणाऱ्या एका स्वयंसेवकाने गोळी घालून ठार केले. मरणापूर्वी काही क्षणांपर्यंत तो मुलगा फोनवर आपल्या मैत्रिणीशी बोलत होता. २०१३ च्या खटल्यात हीच १९ वर्षांची मुलगी सरकार पक्षाची महत्त्वाची साक्षीदार होती. ती सुमारे सहा तास साक्ष देत होती. परंतु तिची बोली शिष्ट इंग्रजी नव्हती; ती कृष्णवर्णीय कष्टकरी वस्तीतली बोली होती. पंचांपैकी एकीने नंतर सांगितले की, तिचे बोलणे समजण्यास कठीण होते आणि ती विश्वासार्ह वाटली नाही. दुसरीने सांगितले की, पंचांचा विचारविनिमय सोळा तासांहून अधिक चालला, पण त्यात तिच्या साक्षीचे कोणी नावही काढले नाही. स्वसंरक्षणाचा बचाव मांडणारा आरोपी निर्दोष सुटला.

हे चित्र आपणांस परके वाटते काय? खेड्यातली आपली एखादी आजी कोर्टात उभी राहून 'म्या माझ्या डोळ्यांनी पाह्यलं, सायेब' असे सांगते, तेव्हा बाकावर बसलेल्यांच्या ओठांवर हसू उमटते. त्या हसण्यात तिची निम्मी साक्ष बुडून जाते. तिने काय पाहिले हे कोणी तपासत नाही; ती कशी बोलली एवढेच ऐकले जाते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ जॉन रिकफर्ड हे मूळचे गयाना देशाचे. त्यांनी व शरीस किंग यांनी त्या मुलीची साक्ष शब्दन् शब्द तपासली आणि २०१६ साली 'लँग्वेज' या अमेरिकेतील भाषाशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकात आपला निष्कर्ष मांडला. लोकांनी ज्यांना 'चुका' म्हणून हिणवले, त्या एका नियमबद्ध बोलीच्या रीती होत्या, असे त्यांनी सप्रमाण दाखविले. मुलगी अडाणी नव्हती. ऐकणाऱ्यांनाच तिची बोली अवगत नव्हती. या लेखाने मेलेला मुलगा परत आला नाही, निकालही फिरला नाही. परंतु गरिबाची बोली न्यायालयात नीट ऐकली गेली पाहिजे, ही मागणी नुसती तक्रार न राहता शास्त्राच्या आधारावर उभी राहिली.

त्याच निकालानंतर, जुलै २०१३ मध्ये, अलिशिया गार्झा, पॅट्रिस कलर्स आणि ओपल टोमेटी या तीन स्त्रियांनी 'ब्लॅक लाइव्ज मॅटर', म्हणजे 'कृष्णवर्णीयांच्या जिवालाही मोल आहे', ही घोषणा समाजमाध्यमांवर पुढे आणली. पुढील वर्षी, ९ ऑगस्ट २०१४ रोजी, फर्ग्युसन या लहानशा शहरात मायकेल ब्राउन हा १८ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मेला. त्याचे प्रेत सुमारे चार तास भर रस्त्यात पडून होते. रहिवाशांनी मोबाइलवर छायाचित्रे घेतली, दोन ओळी लिहिल्या आणि ट्विटरवर गावाच्या नावाची खूण लावून सोडून दिल्या. या खुणेला हॅशटॅग म्हणतात. महिनाअखेर ती खूण ऐंशी लाखांहून अधिक वेळा वापरली गेली होती.

यारिमार बोनिया आणि जॉनथन रोसा या दोन मानवशास्त्रज्ञांनी २०१५ साली या खुणांवरच प्रबंध लिहिला. त्यांतले एक उदाहरण आपण ध्यानात ठेवावे असे आहे. वृत्तपत्रे मेलेल्या तरुणाचे कोणते छायाचित्र छापतात, हा प्रश्न कृष्णवर्णीय मुलामुलींनी विचारला. प्रत्येकाने आपली दोन छायाचित्रे शेजारी-शेजारी लावली. एकात पदवीचा झगा किंवा सैन्याचा गणवेश. दुसऱ्यात रस्त्यावरचा साधा वेष. आणि खाली विचारले की, मला गोळी घातली, तर यांतले कोणते छापाल? एका प्रख्यात वृत्तपत्राने मायकेल ब्राउन 'काही देवदूत नव्हता' अशा अर्थाचे शब्द छापले, तेव्हा त्या शब्दांचीही लोकांनी अशीच झडती घेतली. बातमीतल्या एका विशेषणाने मेलेल्या माणसालाच आरोपी कसे करता येते, हे आपल्या वस्त्यांना नव्याने शिकविण्याची गरज नाही. परंतु ते पुराव्यानिशी मांडणारा अभ्यासक आपल्यापाशी किती वेळा असतो?

येथे एक सावधगिरीची गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ब्राउनने शरणागतीसाठी हात वर केले होते, या समजातून फर्ग्युसनची सर्वांत गाजलेली घोषणा निघाली. मार्च २०१५ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने दोन अहवाल प्रसिद्ध केले. पहिल्यात, हात वर केल्याच्या कथनास विश्वासार्ह पुरावा मिळत नाही, असे सांगितले. दुसऱ्यात, त्या शहराचे पोलीस व न्यायालय कृष्णवर्णीयांना सातत्याने घटनाबाह्य रीतीने छळत आले होते, हे आकडेवारीनिशी दाखविले. चळवळीचा अंधभक्त पहिला अहवाल लपवील. चळवळीचा वैरी दुसरा लपवील. सच्चा अभ्यासक दोन्ही समोर ठेवील. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा गुरूने सांगितले आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नये, हा तथागतांचा कालामांना केलेला उपदेश मोबाइलवर येणाऱ्या प्रत्येक निरोपाला लागू आहे; मग तो निरोप आपल्या बाजूचा का असेना. भाषेचा अभ्यासक हा चळवळीचा भाट नव्हे. तो तिचा प्रामाणिक साक्षीदार असावा.

अशा विद्येत सारे आयुष्य घालवता येते काय? बोनियाबाईंचेच उदाहरण घ्या. त्या पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातील बेटाच्या. त्यांनी प्रथम ग्वादलूप या फ्रेंच अमलाखालील बेटावरील कामगार चळवळीचा अभ्यास केला. तेथे २००९ साली ४४ दिवसांचा सार्वत्रिक संप झाला. संपवाल्यांच्या आघाडीचे नाव राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमध्ये नव्हते, तर मळ्यांत राबणाऱ्यांच्या क्रिओल बोलीत होते. 'लियानाज' म्हणजे एकत्र बांधणे, आणि 'प्वोफितास्यों' म्हणजे निर्लज्ज नफेखोरी. ज्या बोलीला शाळेत हसत, तिच्यातल्या शब्दांनी बेट एकवटले आणि कमी पगाराच्या कामगारांना दरमहा २०० युरोंची वाढ मिळाली. बाईंचा त्या चळवळीवरील ग्रंथ २०१५ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०१७ च्या चक्रीवादळात त्यांचे स्वतःचे बेट उद्ध्वस्त झाले. मृतांचा सरकारी आकडा जवळजवळ वर्षभर ६४ वर अडून राहिला. ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारला तो २,९७५ असा मान्य करावा लागला. जुलै २०१९ मध्ये तेथील गव्हर्नर व त्यांच्या मर्जीतील मंडळींचे खाजगी संभाषण उघडकीस आले. मोबाइलवरील त्या संभाषणाची ८८९ पाने शोधपत्रकारांनी लोकांपुढे ठेवली. त्यात स्त्रियांची निंदा होती आणि वादळातील मृतांवरही विनोद होता. लोक रस्त्यावर उतरले आणि दोन आठवड्यांत गव्हर्नरांना राजीनामा जाहीर करावा लागला. या साऱ्या काळात बोनियाबाई वर्गात शिकवीत होत्या आणि आपल्या लोकांसाठी वृत्तपत्रांतही लिहीत होत्या. पुढे त्या प्रिन्स्टन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. विद्या आणि बांधिलकी यांत एकाच गोष्टीची निवड करावी लागते, हा समज त्यांच्या आयुष्याने खोटा पाडला आहे.

आपणांस तर हा धडा घरचाच आहे. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात मानवशास्त्राच्या चर्चासत्रातच जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला आणि १९२० साली 'मूकनायक' काढला. पाली भाषेच्या शब्दकोशाचे कामही त्यांनी आपल्या धकाधकीच्या आयुष्यात केले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना त्यांनी १९४६ साली पत्र लिहून त्यांच्या प्रश्नाविषयी आस्था कळविली. हे नाते आम्ही आज नव्याने जोडीत नाही.

आता आपल्या अंगणात पाहू. २० मार्च २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अत्याचार प्रतिबंधक कायदा दुबळा झाला, तेव्हा २ एप्रिल रोजी देशभर बंद झाला. त्याची हाक मुख्यत्वे लहान-मोठ्या संघटनांच्या आणि मोबाइलवरील निरोपांच्या जाळ्यातून गेली. त्याच ऑगस्टमध्ये संसदेने दुरुस्ती करून कायदा पूर्ववत केला. त्याच ऑगस्टमध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याने, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या निर्देशाचा हवाला देऊन, खाजगी वाहिन्यांना 'दलित' हा शब्द टाळण्याची सूचना केली. आपणांस कोणत्या नावाने ओळखावे हे कोणी ठरवावयाचे? या प्रश्नावर आपल्यात प्रामाणिक मतभेद आहेत. ते असू द्यावेत. पण निर्णय घेणाऱ्यांच्या मेजावर आपल्या अभ्यासकांनी लिहिलेला, आपल्या वस्त्यांतील बोलणे तपासून तयार केलेला अहवाल असावा, याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही.

आणखी एक धोका आहे. हे सारे बोलणे परक्याच्या वहीत लिहिलेले आहे. ट्विटर २०२२ साली नव्या मालकाच्या हाती गेले आणि २०२३ मध्ये संशोधकांना तेथील लिखाण विनामूल्य मिळण्याची सोय बंद झाली. फर्ग्युसनसारखे अभ्यास ज्या दारातून झाले, ते दार एका व्यापाऱ्याच्या निर्णयाने लागले. म्हणून दुसऱ्याच्या यंत्रात साठवलेल्या स्मृतीवर विसंबू नका. मोर्चाची पत्रके, सभेचे वृत्तान्त, विहारातील ठराव, आजीच्या तोंडची दीक्षेची हकिकत, हे सर्व तारीख-वार लिहून ठेवा. मात्र ज्याचे बोलणे उतरवाल, त्याची संमती घ्या. अत्याचारग्रस्त कुटुंबाचे शब्द त्याला न विचारता जगापुढे मांडणे हा त्याच्यावर दुसरा अत्याचार होय, मग तो विद्येच्या नावाने का होईना.

मातापित्यांना व्यवहाराची गोष्टही सांगतो. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ येथे भाषाशास्त्राचे शिक्षण मिळते. 'नेट' परीक्षेतून संशोधनाची अधिछात्रवृत्ती, म्हणजे जे. आर. एफ., मिळाल्यास २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये मिळतात. वाट लांब आहे, कायम नोकऱ्या थोड्या आहेत, आणि मुलाखतीच्या खोलीत आडनाव विचारले जाण्याचा अनुभवही येईल. हे लपवून मुलांना त्या वाटेने ढकलणे आम्हांस मान्य नाही. परंतु आपण मागे सरलो, तर आपल्याविषयी लिहिणारे थांबणार नाहीत. ते लिहीतच राहतील. आपण मात्र त्यांच्या ग्रंथांत नुसते उदाहरण होऊन राहू.

म्हणून आपल्या मुलीने ही इच्छा बोलून दाखविली, तर तिला एकदम गप्प करू नका. तिला आजीजवळ बसवा आणि आजीचे बोलणे आजीच्याच शब्दांत उतरवून घ्यावयास सांगा. 'म्या' चे 'मी' करू नको, असेही सांगा. त्या वहीतून तिचा अभ्यास सुरू होईल आणि आपल्या आजीची साक्ष या वेळी कोणी हसण्यावारी नेणार नाही.

जय भीम.